उजव्या कुशीवर वळलं की खोली फिरते

पत्र थोडक्यात: लेखिका ४६ वर्षांच्या, राहायला पुण्यात सिंहगड रस्त्याला, शाळेत शिक्षिका. अडीच महिन्यांपूर्वी वारज्याजवळ सर्व्हिस रोडवर त्यांची गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असताना मागून टेम्पोनं धडक दिली. डोकं कुठं आपटलं नाही, शुद्धही गेली नाही, पण मानेला मागे-पुढे जोरात हिसका बसला. दुसऱ्या दिवशी मान धरली आणि आठवड्याभरात चक्कर सुरू झाली. त्या लिहितात, "सकाळी उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. दिवसभर गादीवरून चालल्यासारखं वाटतं. फळ्याकडून मुलांकडे पटकन मान वळवली की झोक जातो. मोठ्या दुकानात सामानाच्या रांगांमधून चालणं तर नकोच होतं." हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस, म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज सांगितली, गळ्याला पट्टा आणि गोळ्या दिल्या. फॅमिली डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. यजमान म्हणतात, रिपोर्टमध्ये विशेष काही नाही ना, मग झालं. धाकटे दीर मान 'मोकळी करून देणाऱ्या' एकाकडे न्यायला निघालेत. त्यांचा प्रश्न: "चक्कर मानेतूनच येतेय हे सिद्ध करणारी एखादी टेस्ट आहे का? की हे सगळं माझ्या मनाचंच आहे?"

बाई (शाळेत तुम्हाला हेच म्हणत असणार, म्हणून मीही म्हणते), प्रश्नात तुम्ही दोनच दारं ठेवलीत, मान किंवा मन. पण त्याच्या वरच्या चार ओळींत तुम्ही तीन-चार निरनिराळ्या तक्रारी लिहिल्यात आणि सगळ्यांना मिळून 'चक्कर' म्हटलंत. आपल्या भाषेत या बाबतीत शब्दांचा दुष्काळ नाही. भोवळ आहे, घेरी आहे, गरगरणं आहे, डोळ्यांपुढे अंधारी येणं आहे, झोक जाणं आहे. दवाखान्यातल्या खुर्चीत बसलं की मात्र सगळ्याची 'चक्कर' होते, डॉक्टर केसपेपरवर 'गिडिनेस' लिहितात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मानेला हिसका बसलेला पेशंट चक्कर सांगत आला की पहिली पंधरा मिनिटं मी मानेला हात लावत नाही. एक अट घालते, 'चक्कर' हा शब्द न वापरता काय होतं ते सांगा. नारायण पेठेतले एक आजोबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पानशेतला होडीतून उतरलो आणि अजून काठाला पाय लागलेला नाही, असं." पुढच्या तपासणीची अर्धी दिशा त्या वाक्यानं ठरली. तुमचं 'गादीवरून चालल्यासारखं' तसंच नेमकं आहे. ते कुणी विचारलं नाही, एवढंच.

आधी घाईचं बोलून घेते. मानेच्या मणक्यांमधून दोन्ही बाजूंनी एकेक रक्तवाहिनी मेंदूच्या मागच्या भागाकडे जाते. हिसक्यानं कधीतरी तिच्या आतल्या अस्तराला चीर पडते. हे फार क्वचित होतं, पण चुकलं तर महागात पडतं. म्हणून तपासणारा कुणीही असो, सुरुवात इथूनच व्हायला हवी. मानेत किंवा डोक्याच्या मागे पूर्वी कधी नव्हती अशी अचानक तीव्र कळ, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना ठसका लागणं, अर्धा चेहरा बधिर होणं, एक पापणी खाली उतरणं, पाय एकदम गळून पडणं, धरल्याशिवाय उभंच राहता न येणं. यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, १०८ ला फोन करायचा किंवा सरळ तातडीच्या विभागात जायचं. हातापायांची ताकद कमी होणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं यालाही हाच नियम. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तरी पत्रावरून माणूस तपासता येत नाही, तेव्हा पुढच्या डॉक्टरांना हे प्रश्न विचारायला लावा. त्यांनी नाही विचारले तर तुम्हीच सांगून टाका.

आता उजवी कूस. पत्रातली सर्वांत मोलाची ओळ तीच आहे आणि माझ्या अंदाजानं ती कुठल्याच केसपेपरवर नाही. कुशीवर वळलं की खोली फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते, पुन्हा वळलं की पुन्हा फिरते. हे वर्णन मानेपेक्षा कानाकडे बोट दाखवतं. आपल्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे असतात. ते एका चिकट थरावर बसलेले असतात आणि डोकं कुठे कललंय ते मेंदूला कळवतात. जोराच्या धक्क्यानं काही खडे सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळतात. मग झोपताना, कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना ते नळीतल्या द्रवाला ढकलतात आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. याला बीपीपीव्ही म्हणतात. मानेला हिसका बसेल असा धक्का कानालाही बसलेला असतो, त्यासाठी डोकं आपटावंच लागतं असं नाही.

याची तपासणी यंत्राशिवाय होते. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ती १९५२ मध्ये मांडली, तेव्हापासून डिक्स-हॉलपाइक याच नावानं चालते. पेशंटला टेबलावर पाय लांब करून बसवायचं, डोकं एका बाजूला ४५ अंश वळवायचं आणि त्याला झटकन उताणं झोपवायचं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर साधारण २० अंश खाली येईल असं. डोळे उघडे ठेवायचे. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं एका लयीत उडायला लागतात, वर आणि थोडी गोल, जणू कुणी आतून चावी देतंय. पेशंट हात घट्ट पकडतो. मिनिटाच्या आत सगळं शांत होतं. पेशंटला काय वाटलं यापेक्षा बुबुळं कशी फिरली यावरून कुठला कान आणि कुठली नळी ते कळतं.

तुमची मान दुखरी आहे, तेव्हा ती तशी कडेबाहेर लोंबू द्यायची नाही. खालून हातांचा आधार देऊन, टेबल तिरकं करून किंवा कुशीवर झोपवूनही हीच तपासणी होते. जाणकार माणूस हे न सांगता करतो. करत नसेल तर तुम्ही थांबवा.

बीपीपीव्ही निघाला तर उपाय हातांनीच आहे. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी डोकं ठरावीक क्रमानं वळवून खडे परत जागी नेण्याची पद्धत बसवली, १९९२ मध्ये तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. एक-दोन बैठकींत खूप लोकांना आराम पडतो. अपघातानंतरचा बीपीपीव्ही मात्र जरा हट्टी असतो, कधी दोन्ही कानांत असतो, जास्त वेळा करावं लागतं. आणि व्हिडिओ बघून घरी एप्ली करू नका. कान कुठला, नळी कुठली हे ठरल्याशिवाय डोकं फिरवणं म्हणजे घराचा पत्ता न विचारता पेठेत शिरण्यासारखं आहे.

म्हणजे मानेचं काहीच नाही का? आहे, असावं असं मला वाटतं. पण कुशीवरची गरगर बाजूला काढल्यावर जे उरतं, त्यात. गादीवरून चालल्यासारखं वाटणं आणि फळ्याकडून वळताना जाणारा झोक, या दोन गोष्टी मानेच्या असू शकतात.

कवटीच्या अगदी खाली, मानेच्या वरच्या सांध्यांभोवती छोटे छोटे स्नायू आहेत. डोकं धडावर कुठे वळलंय याची खबर देणारे तंतू त्यांच्यात खच्चून भरलेले असतात. मेंदू ही खबर कानाच्या आणि डोळ्यांच्या खबरीशी जुळवून बघतो. हिसक्यानंतर स्नायू आखडले, दुखायला लागले की मानेची खबर बिघडते. कान म्हणतो डोकं इतकं वळलं, मान म्हणते इतकं नाही. या बेबनावातून डोकं जड, अधांतरी, तोल डळमळीत असं वाटतं. खोली गरगरा फिरत नाही, ही मानेच्या चकरेची खूण. दुसरी खूण अशी की ती मानेच्या दुखण्याबरोबर वाढते आणि दुखण्याबरोबरच उतरते.

तुम्ही विचारलीत ती 'सिद्ध करणारी टेस्ट' मात्र नाही. मानेच्या चकरेचं निदान बाकीच्या शक्यता एकेक करून वगळल्यावर उरतं. त्याला बळ देणाऱ्या तपासण्या आहेत, आणि त्यातली एक मला फार आवडते. पेशंटच्या डोक्याला पट्ट्यानं छोटा लेझर बांधायचा, भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर खुर्चीत बसवायचं आणि ठिपका समोरच्या कागदाच्या मध्यावर आणायचा. डोळे मिटायचे, मान हळूहळू उजवीकडे पूर्ण वळवायची आणि 'मध्य आला' असं वाटेल तिथं परत आणून थांबायचं. मग डोळे उघडायचे. असं बऱ्याच वेळा करून सरासरी काढतात. ती साडेचार अंशांपेक्षा, म्हणजे कागदावर सात सेंटिमीटरपेक्षा जास्त चुकली तर मानेची खबर बिघडली असं मानायला जागा आहे. पेशंट नेहमी दचकतात. त्यांची खात्री असते की आपण बरोबर मध्यावर आहोत, आणि ठिपका वीतभर बाजूला असतो.

दुसरी तपासणी फिरत्या स्टुलावरची. मी समोरून डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरते आणि पेशंटला खालचं धड वळवायला सांगते. डोकं हललंच नाही तर कानाला काही कळायचं कारण नाही, तेव्हा त्रास झाला तर संशय मानेवर जातो. यातली एकही तपासणी एकटी पुरेशी नाही, आणि तसा दावा कुणी करू नये, माझ्यासकट.

आता तो एमआरआय. आपल्याकडे चाळिशीनंतरच्या प्रत्येक चकरेला 'स्पॉन्डिलायटिस' हे उत्तर तयार असतं, शेजारणीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे देतात. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या बाराशेहून अधिक लोकांचे एमआरआय काढले गेले होते, निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. ८७ टक्क्यांहून अधिक लोकांत कुठली ना कुठली डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, बाहेर डोकावत होती. तुमची सी-५ सी-६ ची, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली डिस्कही टेम्पोच्या आधीपासून तशीच असण्याची शक्यता बरीच आहे. हाड मोडलेलं नाही, मज्जारज्जू दबलेला नाही हे एमआरआयनं सांगितलं, ते त्याचं काम. मानेची खबर बिघडल्याचं त्यात दिसत नाही. कानातले खडेही दिसत नाहीत.

त्यामुळे यजमानांचं 'रिपोर्टमध्ये काही नाही' हे खरं आहे, पण त्या रिपोर्टला हा प्रश्न विचारलेलाच नव्हता.

'मनाचं' याबद्दल जरा सावकाश बोलायला हवं. दुकानातल्या रांगा, सरकत्या जिन्याजवळची गर्दी, मोबाइलवर भराभर सरकणारा मजकूर यांनी डोकं भणभणणं हे कान किंवा मान बिघडल्यावर फार जणांना होतं. दोन सेवकांवरचा भरवसा उडाला की मेंदू तिसऱ्यावर, डोळ्यांवर भार टाकतो. डोळ्यांसमोर खूप रेघा आणि हालचाल आली की तो गोंधळतो. हे बहुतेक दिवस तीन महिने किंवा त्याहून जास्त टिकलं, उभं राहिल्यावर, हालचालीनं आणि अशा गजबजलेल्या दृश्यांनी वाढत राहिलं, तर त्याला पीपीपीडी असं नाव आहे. बारानी सोसायटी या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये त्याचे निकष लिहून काढले. तुम्हाला अजून अडीचच महिने झालेत, तेव्हा हा शिक्का घाईनं मारून घेऊ नका. पण त्या दिशेनं जायचं नसेल तर सगळं टाळत बसणं सोडावं लागेल. भीती यात असते. पुन्हा पडू, पुन्हा धडक बसेल या धास्तीनं माणूस मान आखडूनच चालतो आणि चक्कर वाढते. म्हणून चक्कर खोटी ठरत नाही. तुमच्या डॉक्टरांनी 'टेन्शन' म्हटलं, पण त्यावर काय करायचं ते सांगितलं नाही, माझी तक्रार तेवढीच आहे.

पत्रात नसलेल्या दोन गोष्टी विचारते. पूर्वी कधी अर्धशिशी होती का? हिसक्यानंतर ती चकरेचं रूप घेऊन परत डोकावू शकते. आणि अपघातानंतर उजेड किंवा आवाज सहन न होणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं, वह्या तपासताना लवकर थकवा येणं असं काही? डोकं न आपटताही मेंदूला हिसका बसलेला असू शकतो. असेल तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवायचं.

गोळ्यांची पिशवी एकदा टेबलावर ओता. स्नायू सैल करणाऱ्या आणि नसांच्या दुखण्यावरच्या, प्रीगॅबालिनसारख्या गोळ्यांनी स्वतःच डोकं गरगरतं, हे पेशंटला सांगायचं राहून जातं. सिनॅरिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन या चकरेच्या गोळ्या पहिल्या काही दिवसांसाठी ठीक. त्या महिनोन्‌महिने चालल्या तर मेंदूला नवा हिशोब शिकू देत नाहीत, आणि बुबुळांची हालचाल दाबून तपासणीही फसवतात. मनानं बंद करू नका, पण तपासणीच्या दिवशी घ्यायच्या की नाहीत हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारा. रक्तदाबही झोपून आणि मग उभं राहून तीन मिनिटांत मोजायला सांगा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर उठताना येणाऱ्या अंधारीचं कारण तिथंच सापडतं. बसून घेतलेल्या एका मापात ते दिसत नाही.

गळ्याचा पट्टा अडीच महिने चालू असेल तर तो आता मदतीपेक्षा अडचण करतोय. हाड शाबूत असताना तो लांबवला की स्नायू दुबळे होतात आणि मानेची खबर आणखी मंदावते. डॉक्टरांशी बोलून आधी घरात, मग वर्गात असा उतरवत न्या.

दिरांना काय सांगायचं? त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून 'तुमच्या माणसावर विश्वास नाही' म्हणू नका. 'रक्तवाहिनीची तपासणी झाल्याशिवाय मानेला झटका द्यायचा नाही असं सांगितलंय', एवढं सांगा, माझं नाव खुशाल पुढे करा. कडकन आवाज आला म्हणजे मान बसली असं नसतं. हिसका बसलेल्या मानेला दुसरा हिसका देऊन घेण्यात शहाणपण नाही, मग देणारा कितीही प्रसिद्ध असो.

मग आधी कुठे जायचं? माझ्या मते ईएनटीकडे, चकरेचं काम करणाऱ्या. खासगीतला खर्च जमत नसेल तर ससूनच्या ओपीडीत हा विभाग आहे, रांगेची तयारी ठेवून सकाळी लवकर जा. जाण्याआधी आठवडाभर शाळेच्या एखाद्या उरलेल्या वहीत रोजच्या दोन ओळी लिहा: काय करत होतात, काय झालं (चक्कर हा शब्द न वापरता), किती सेकंद किंवा तास टिकलं, मान तेव्हा दुखत होती का. कानात शिट्टी वाजणं, ऐकू कमी येणं असेल तर तेही. कान निस्तरला की उरलेल्या डळमळीसाठी मान आणि तोल दोन्हींचं काम करणारा फिजिओ शोधा. नुसता शेक आणि मशीन लावून सोडणारा नको.

कान तपासून झाल्यावर करायचा एक व्यायाम तुमच्या पेशाला शोभणारा आहे. फळ्यावर डोळ्यांच्या उंचीला एक ठळक 'क' काढा, हातभर अंतरावर उभ्या राहा आणि त्यावरची नजर न हलवता मान डावी-उजवी हळूहळू वळवा. अक्षर पुसट झालं की वेग कमी करा. अर्धं मिनिट पुरे, दिवसातून तीनदा. थोडं गरगरेल, मिनिटा-दोन मिनिटांत शमायला हवं. तासभर टिकलं तर जास्त झालं. गाडी मात्र कुशीवरची गरगर थांबेपर्यंत आणि मागून येणारं वाहन मान वळवून सहज बघता येईपर्यंत नको, वारज्याच्या त्या रस्त्याला तर नकोच. दुकानात जा, पण दुपारी गर्दी नसताना आणि ठरवून दोनच रांगा.

ईएनटीकडे यजमानांना बरोबर न्या. तुम्हाला झोपवतील तेव्हा डॉक्टरांच्या परवानगीनं त्यांना समोर उभं राहून मोबाइलवर तुमच्या डोळ्यांचा व्हिडिओ घ्यायला सांगा. चित्रणाचा डॉक्टरांनाही पुढच्या वेळी उपयोग होतो. आणि बुबुळं उडताना दिसलीच, तर रिपोर्टमध्ये न आलेली गोष्ट यजमानांना अर्धा मिनिट स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल.